टँगोच्या चालीवर परण्या

निजामाच्या अमदानीत आमच्या तुळजापुरात एक क्लॅरिनेटवाला होता. सिकंदराबादच्या साहेबांच्या क्लबात तो टँगो आणि जाझ शिकला आणि दोन्हींची सरमिसळ इथल्या लग्नांत वाजवू लागला. टँगो दबक्या पावलांनी चालायचा आणि मधेच जाझ मोकाट सुटायचा. मी जाणकाराच्या थाटात "वा!" म्हटलं की तो म्हणायचा, "तुमचं ऱ्हाऊ द्या मालक. म्हातारा वा म्हणला पायजे."

म्हातारा म्हणजे गावचा संबळवाला. त्यानं नाक मुरडलेल्या वाजंत्र्याला पुन्हा कुणी लग्नाला बोलवत नसे.

माझ्या परण्याला, म्हणजे मारुतीहून मांडवाकडं निघालेल्या मिरवणुकीत, दोघं एकत्र आले. क्लॅरिनेट सुरू होताच म्हाताऱ्यानं संबळ थांबवला. घोड्यावर मी घामाघूम!

"पुन्ना वाजीव," म्हातारा म्हणाला. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि त्याच चालीवर संबळ कडाडला. "लई ग्वाड हाय रं! थांबू नगंस!"

पण वाजवणार कसा? गडी असा हसत सुटला, की त्याचे ओठ काही क्लॅरिनेटवर मिटेनात. अखेर एकट्या संबळानं मला मांडवात पोचवलं, आणि सगळं वऱ्हाड नवरदेव सोडून त्या हसणाऱ्या क्लॅरिनेटवाल्याकडंच बघत राहिलं.