वीणेचा पहारा

सप्त्यात वीणेला उभं राहण्याआधी मी दोन तांबे ताक प्यालो. आजही बुक्क्याचा वास आला की ओटीपोटात कळ येते. गोष्ट निजामाच्या अमदानीतली, चकलांब्याची, माझ्या सासुरवाडीची. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, टेकली की सप्ता मोडला, अशी तिथली रीत. आणि दुपारचा पहारा मी, नव्या जावयाने, हौसेने मागून घेतलेला. पहारा संपला तरी पुढचा वीणेकरी येईना. समोर सासरे बसलेले; त्यांना सांगायचं तरी काय? मी पाय आवळून, डोळे मिटून, नाम घेत डुलू लागलो. एक म्हातारी म्हणाली, “जावईबापूंची लई समाधी लागली बघा!” मग बाया एकामागून एक पाया पडू लागल्या आणि प्रत्येकीच्या कपाळाचा धक्का थेट बेंबीपर्यंत पोचू लागला. मी कमरेत वाकत चाललो, तशी वीणा खाली सरकू लागली. तेवढ्यात वीणेकरी धापा टाकत आला. त्याच्या गळ्यात वीणा अडकवून मी ओढ्याकडे सुसाट सुटलो. परतलो तेव्हा म्हातारी माझ्या भक्तीची तारीफ करत होती. सासरे म्हणाले, “दावं सुटल्यावर आमची म्हैसबी आशीच पळती. तिच्या पाया कुणी पडत न्हाई.”