काळी तीन

माझा कान चांगला आहे असं डिचोलीत काही लोक म्हणत, आणि मी ते मनापासून खरं मानलं होतं. तो कान वापरून मी एका माणसाकडून काय काढून घेतलं, ते इथे लिहितो आहे. लिहिल्याने काही परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

गोवा घटकराज्य व्हायच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. मी एका खाणीच्या ऑफिसात कारकून होतो. रविवारी दुपारी बाजारातल्या एका शिंप्याच्या दुकानात आम्ही पाच-सहा जण जमायचो. दाराची एकच फळी उघडी असायची. कापड बेतायच्या टेबलावर शिंप्याचा टेपरेकॉर्डर आणि आम्ही शिवणयंत्रांच्या स्टुलांवर. ज्याने कॅसेट आणली असेल त्याने काही बोलायचं नाही. बाकीच्यांनी आधी राग ओळखायचा, मग घराणं, मग गाणारा. चुकेल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी बेकरीचे उंडे पाव आणि चण्याची पातळ भाजी आणायची. माझ्यावर ती पाळी फारशी आली नाही. शिंपी म्हणायचा, "ह्याचो कान म्हणजे पत्रादेवीचो नाको. कागद बगल्याबगर कोणाक सोडना." पत्रादेवी म्हणजे गोव्याच्या हद्दीवरचा तपासणी नाका. मला ते ऐकायला आवडायचं.

मास्तर पेडण्याहून यायचे, म्हापशाला बस बदलून. साठी उलटलेली, अंगाने किरकोळ. पेटी वाजवणं आणि शिकवणं यावर त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते रागाचं नाव सांगायचे, गाणाऱ्याचं नाव मात्र माझ्यावर सोडायचे. "तें तू सांग रे पुता," म्हणायचे. पंचवीस-तीस वर्षांनी लहान असलेल्या माणसाला इतका मान कुणी देऊ नये.

मग गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, यावरून आंदोलन पेटलं. रस्ते बंद व्हायचे, बस यायची नाही, दुकानातल्या गप्पाही दोन बाजूंनी होऊ लागल्या. मी मराठीच्या बाजूने होतो. आजही त्याची मला लाज नाही. मी सह्यांचा कागद घेऊन फिरत होतो आणि एका रविवारी तो मास्तरांच्या पुढे धरला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "घरात बोलतंव ती येक भास, गातंव ती येक. सही खंयच्या तोंडान करू?" सगळे हसले. मास्तर कुणाला टोमणा मारायला बोलले नव्हते, पण ते हसू माझ्या अंगाला चिकटून राहिलं.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मास्तर आपली पेटी मांडीवर घेऊन बसने आले. सोबत एक कॅसेट होती, नाव न लिहिलेली. रीत मोडून त्यांनी आधीच सांगितलं, की ही बहुतेक त्यांच्या थोरल्या बहिणीची आहे. ती आम्हाला ऐकून माहीत होती. त्यांचं घर देवळाच्या सेवेतलं. बहीण गायची, पण तिची कधी रेकॉर्ड निघाली नाही की रेडिओवर तिला कुणी बोलावलं नाही. ती जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. धारगळला एका घरी पूजेला ती गायली, तेव्हा आखातातून आलेल्या भाच्याने नव्या यंत्रावर ते टेप केलं होतं. कॅसेट त्याच्या पेटाऱ्यात पडून होती, आता सापडली. त्या दिवशी तिथे दिवे गेले होते, सेलवर घेतलंय, असंही मास्तर म्हणाले. हे मी ऐकलं. मी ते ऐकलं नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

कॅसेट लागली. रागावर थोडा वाद झाला. कुणी बागेश्री म्हणालं, कुणी रागेश्री, मास्तरांनी मालगुंजी सांगितला आणि तो मालगुंजीच होता. आवाज बारीक होता, कोवळा, वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा वाटावा असा. ताना जरा जास्तच भरभर जात होत्या. शेवटी गाणं थांबलं आणि बाई म्हणाली, "पुरो." एवढाच शब्द, म्हणजे आता बस झालं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज वेगळा लागतो, म्हणाले, पण साथीची पेटी ते स्वतःच वाजवत होते, हीच, मांडीवरची. आणि तो "पुरो" तिचाच.

मी विचारलं, बहीण पेटीच्या कुठल्या पट्टीत गायची. "काळी तीन," ते म्हणाले. "शेवटपर्यंत काळी तीन." मी कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली आणि त्यांना पेटीवर सूर धरायला सांगितला. टेपमधला सूर काळी चारच्याही थोडा वर होता. काळी चार आणि तिच्या पुढची पांढरी, या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी. टेपमधली पेटीही तिथेच, अधांतरी.

पेटी काही दोन पट्ट्यांच्या मधला सूर काढत नाही. म्हणजे एक तर टेपमधली पेटीच दुसरी, वेगळ्या सुरात लावलेली होती, नाहीतर यंत्राची चाल चुकली होती. सेल उतरलेले असले की टेप करताना फीत सावकाश सरकते, आणि मग ती नीट विजेवर लावली की आवाज वर चढतो, गाणं धावतं. हे मला माहीत होतं. त्या क्षणी ते माझ्या डोक्यात आलंही होतं. मी पहिलं कारण सांगितलं आणि दुसरं गिळलं.

एरवी मी त्यांच्याशी त्यांच्यासारखंच बोलायचो. त्या दिवशी मुद्दाम स्वच्छ मराठीत म्हणालो, "मास्तर, ही तुमची बहीण नव्हे. आणि ही पेटीही तुमची नव्हे."

"माझ्या भयणीचो आवाज माका वळखूक येवचो नाय?"

"वयाने होतं असं. 'पुरो' तर सगळा गोवा म्हणतो."

कुणी हसलं नाही. शिंपी कात्री उघडत-मिटत राहिला. मास्तरांनी भाता बंद केला, खटका लावला. मग त्यांनी कॅसेट माझ्याकडे सरकवली. तुझा कान सांगतो तर तसंच असेल, म्हणाले. परक्या बाईचं गाणं घरी ठेवून ते काय करणार? पुढच्या रविवारी ते उंडे आणि भाजी घेऊन आले. कुणी मागितली नव्हती.

कोऱ्या कॅसेटी तेव्हा जपून वापरायच्या असत. महिन्याभरात मी त्याच कॅसेटवर रेडिओवरची एक मैफल उतरवून घेतली. त्या आधी एकदा तरी ती उतरलेल्या सेलवर लावून बघायला हवी होती. मी बघितली नाही, कारण बघितलं असतं तर कळलं असतं.

मग भाषेचा कायदा झाला, घटकराज्य झालं, आणि दुकानातले रविवार बंद पडले. भांडण असं झालं नाही. एकेकाचं येणं कमी झालं आणि शिंप्याने फळी उघडणं सोडलं.

आणखी वर्षभराने, एका दुपारी वीज गेलेली असताना मी रेडिओची ती मैफल सेलवर लावली. सेल जुने होते. गवयाचा आवाज ओढल्यासारखा, जाड येत होता, तरी मी बंद केलं नाही. मैफल संपली. मूळचं गाणं तिच्यापेक्षा किंचित लांब होतं, त्यामुळे फितीच्या टोकाला त्याचं थोडं शेपूट उरलं होतं. एका तानेचा शेवट, पेटीची एक सुरावट, आणि शब्द, "पुरो." आवाज भरदार होता, पन्नाशीच्या बाईचा. माझ्या घरी सूर धरायची छोटी पेटी होती, ती काढली. काळी तीन.

मी ते सेल यंत्रातून काढून कागदात गुंडाळले, आणखी उतरू नयेत म्हणून. त्या रविवारी यंत्र आणि कॅसेट घेऊन पेडण्याला गेलो.

मास्तर ओसरीवर खिडकीखाली बसले होते, खूप वाळलेले. त्यांनी मला लगेच ओळखलं. सध्या काय ऐकतोस, म्हणून विचारलं. मी म्हणालो, "मास्तर, ती तुमचीच भयण. माझी चूक झाली." सेलचं सांगायला लागलो, पण त्यांचं लक्ष यंत्राकडे होतं. मी कागदातले सेल घातले आणि टोकाला आणून ठेवलेली फीत लावली.

तान आली, पेटी आली, शब्द आला. मास्तरांनी आतून आपली पेटी मागवली आणि काळी तीनवर बोट ठेवून म्हणाले, पुन्हा लाव. दुसऱ्या खेपेला सूर पट्टीच्या जरा खाली होता. तिसऱ्या खेपेला आणखी खाली गेला, बाईचा पुरुष झाला, आणि यंत्र थांबलं. मास्तरांचं बोट पट्टीवरच होतं.

"आनी आदलां?" त्यांनी विचारलं. आधीचं सगळं कुठे आहे.

मी म्हणालो, फीत तुटली.

त्यांनी मान हलवली. "जाता तशी. जुनी फीत ती. तू कित्याक वायट मानून घेतंस?" आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. सून चहा घेऊन आली, तेव्हा तिला सांगितलं की ह्याने आतेचा आवाज शोधून आणला.

निघताना त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. "फुडल्या खेपेक नवे सेल घेवन ये," म्हणाले. "मगे बरां आयकूक येयत."

नव्या सेलवर ती पुन्हा परकी मुलगी होणार होती. मी हो म्हटलं. त्यानंतर मी तिकडे गेलो नाही. पावसाळा संपता संपता ते गेल्याचं मला शिंप्याकडून कळलं. कॅसेट अजून माझ्याकडे आहे. ती लावायला घेतली की सेल किती उतरलेले असावेत याचा अंदाज मला करावा लागतो, आणि आता तो बरोबर येत नाही.