हौसेने आलेला इंजिनिअर

"दुबईच का निवडली?" आमचे जनरल मॅनेजर कारखानीस साहेब यांनी इंटरव्ह्यूत विचारलं.

"मी निवडली नाही, सर," डेक्लन म्हणाला. "आयर्लंडमध्ये बांधकामं थांबली. माझी कंपनी बुडाली. आमच्या गावच्या टीमचा गोलकीपरसुद्धा ऑस्ट्रेलियात गेलाय."

साहेबांनी पेनला टोपण लावलं. मी एचआरमध्ये होते. टोपण लागलं की उमेदवार गेला, हे मला पाठ होतं.

दोन हजार आठच्या मंदीनंतरची ही गोष्ट. आमचं ऑफिस दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये. आसपासच्या क्रेन नुसत्याच उभ्या होत्या, पण आम्हाला अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीतल्या व्हिलांचं काम मिळालं होतं आणि साइट इंजिनिअर हवा होता. डेक्लन तरुण, कामात पक्का, पण व्हिजिट व्हिसावर आलेला. म्हणजे पाहुणा. फिरा, खरेदी करा, नोकरी करू नका. नोकरीसाठी कंपनीला स्पॉन्सर व्हावं लागतं. हा माणूस आमचा, असं सरकारला सांगावं लागतं. त्याचा व्हिसा त्याच आठवड्यात संपत होता. आम्ही नाही म्हटलं तर परत गावी, आणि गावी काम नव्हतंच.

त्याला बाहेर बसवून मी केबिनमध्ये परतले.

"सबनीस, मला हौसेने आलेली माणसं हवीत. पॅशन! नाइलाजाने आलेला टिकत नाही."

"सर, हौसेने आलेले तिघं होते की आपल्याकडे. मंदी आल्यावर तिघंही हौसेनेच निघून गेले."

"ते अपवाद."

"तुम्ही कसे आलात, सर?"

"मी? पिंपरीचा आमचा प्लांट बंद पडला म्हणून..." साहेब थांबले. "ते वेगळं होतं."

"हो सर. त्याला वीस वर्षं झाली."

ते हसायला लागले. "फार आगाऊ आहात तुम्ही. खलास, विषय संपला! करा त्याची फाइल. यल्ला, चला, आजच!"

फाइल केली. नव्या व्हिसावर आत येण्यासाठी आधी बाहेर जावं लागतं, असा नियम. डेक्लन ओमानच्या हद्दीत जाऊन चहा पिऊन आला. मग मेडिकल झालं आणि पासपोर्टवर व्हिसा चिकटला.

पासपोर्ट हातात पडताच त्याने माझ्यासमोरच घरी फोन लावला.

"आई, झाला व्हिसा. नाही गं, कुणी हाकललं नाही मला. ऊन आहे, समुद्र आहे. मीच आलोय, माझ्या मर्जीने."

फोन ठेवला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "तुम्ही तुमच्या आईला काय सांगितलं होतं?"

"हेच," मी म्हटलं. "फक्त समुद्राऐवजी सोन्याचा बाजार."

माणूस मर्जीने आला की नाइलाजाने, हे विचारणाऱ्यावर अवलंबून असतं. बॉसला खरं सांगावं, आईला बरं. व्हिसाच्या अर्जात हा प्रश्नच नसतो. अर्ज छापणाऱ्यांना तेवढं कळतं.