अण्णांचे खिळे

कराड सोडलं त्या सकाळी माझ्या वडिलांचा, अण्णांचा, उजवा हात गळ्यात बांधलेला होता. वाळूउपशाविरुद्धचं गावकऱ्यांचं पत्रक त्यांनी छापलं, एवढाच गुन्हा. वाळूवाला माणसं घेऊन छापखान्यात घुसला. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या टायपांच्या, पेट्या गटारात उपड्या केल्या आणि अण्णांचा हात ट्रेडल छपाईयंत्रात धरून चाक फिरवलं. हाडांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. एसटी सुटताना अण्णा म्हणाले, "जा बाबा. पण मशीनपास्नं हात लांब ठेव."

कसला लांब ठेवतोय! आखातात, रास अल खैमात सिमेंटच्या पिशव्या छापणाऱ्या कंपनीत मी शिफ्ट इनचार्ज झालो. मेकॅनिक मिलान सर्बियाचा. चहाच्या ब्रेकमध्ये तो त्यांच्या छपाईचं पुराण लावतो. पाचशे वर्षांपूर्वी तुर्कांच्या धाकात, डोंगरातल्या मठात एका साधूनं काळ्या-लाल शाईत देवाची गाणी छापली. थोड्याच वर्षांत तुर्कांनी मुलूख घेतला, छापखाना बुडाला. मग कुणी व्हेनिस गाठून छापलं, कुणी मठामठांतून. कित्येक पिढ्यांनी त्याच डोंगरात नवा छापखाना आला, तर लढाईत शिसं संपलं. "हबीबी, आम्ही अक्षरं वितळवून गोळ्या केल्या!" मिलान छाती काढून म्हणाला.

"शाबास! मग पुढं छापलंत कशानं, डोंबलानं?" मी भडकलोच. अण्णांनी मोडलेल्या हातानिशी, डाव्या हातानं गटारातून एकेक खिळा वेचला होता. धुऊन, पुसून, ज्याच्या त्याच्या खणात ठेवला होता. छपाई झाली की खिळा खणात परत, हा त्यांचा नेम.

परवा धाकट्या सतीशचा फोन आला. "दादा, वाळूवाला दारात आला. अण्णांच्या हाताकडं बघून हसला. मी गावठी कट्टा आणलाय. गोळ्यांसाठी खिळे वितळवतोय."

"येड्या, अण्णा जीव देतील! दे त्यांना फोन."

फोनवर अण्णा आले. आवाज थंडगार. "त्याला बोलू नगंस. भट्टी मीच पेटवायला सांगितलीय."

मी फोन ठेवला आणि मॅनेजरची केबिन गाठली.

मॅनेजर म्हणाला, लीव्ह नाही. मी म्हटलं, मग नोकरी सोडली समज. लेक विचारते, "बाबा, आर यू गोइंग होम?" तिला काय सांगू? इतकी वर्षं घर म्हटलं की मला शाईचा वास यायचा. आता पेटलेली भट्टी दिसते आणि तिच्यापुढं बसलेले अण्णा.

विमानतळावर बसून हे लिहितोय. अण्णा, मी येतोय. तोवर आणखी एकही खिळा भट्टीत टाकू नका.