लांब पाठवणारे सर

फोन कोकणातून, मिठबावहून होता. सरांच्या शेजारच्या शालनकाकू. "सर गेले गो. काल दुपारी जेवान खुर्चेर बसले, ते उठाकच नाय." मी पुण्यातल्या कारखान्यात पॅनेलसमोर उभी होते, मागे मशीन चालू होतं. "बरं," एवढंच म्हणाले मी. महिना होत आला, ते 'बरं' अजून टोचतं.

सर आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवायचे. वर्गात मी एकटीच मुलगी. पहिल्या वर्षीच, पावसाळ्यानंतर मी जायचं बंद केलं. संध्याकाळची एसटी चुकली की घरी पोचायला काळोख व्हायचा, आणि गावात बोलणं सुरू झालं होतं. आठव्या दिवशी सरांची स्कूटर आमच्या घरासमोरच्या खळ्यात येऊन थांबली. बाबा त्यांना म्हणाले, "चेडू खांबार चढतला? लोक काय म्हणतले?" सर शांतपणे म्हणाले, "लोकांच्या घरात काळोख झालो की लोक तिकाच बोलवतले." पुढे कोर्स संपेपर्यंत एसटी चुकली की ते मला स्कूटरवरून घरापर्यंत सोडत. बाबांशी दोन शब्द बोलल्याशिवाय मात्र परत फिरत नसत.

परीक्षा झाली आणि कोल्हापूरच्या एका कारखान्यात मला अप्रेंटिसशिप मिळाली. सोडायला सर आले. फोंडाघाटात गाडी वळणं घेत होती. मी विचारलं, "सर, वर्षाने इकडेच काम मिळेल ना?" ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "इकडे काम असतं तर तुला एवढ्या लांब सोडायला आलो असतो काय?" मला गेटच्या आत पाठवून ते त्याच दिवशी परतले.

सरांचं लग्न झालं नव्हतं. आमच्या आधीचे, नंतरचे, सगळे असेच घाट चढून गेले. जो चांगला शिकला तो लांब गेला... दर गणपतीला मी आधी कोल्हापूरहून, मग पुण्याहून फोनवर "येते" म्हणायचे. "सुट्टी मिळाली तर ये," ते म्हणायचे.

परवा मी मिठबावला गेले. काकूंनी किल्ली दिली. घराचं वायरिंग सरांनी विद्यार्थ्यांकडूनच करून घेतलेलं, स्वयंपाकघरातला बोर्ड माझा. स्विच खाली केला, दिवा लागला नाही. मग आठवलं. मी तो उलटा बसवला होता, आणि "पुढच्या वेळी येऊन सरळ करते" म्हणाले होते.

"कितीदा सांगलंय सरांका, दुसऱ्याकडना करून घेवा," काकू दारातून म्हणाल्या. "म्हणत, ज्या चेडवान लायलो, ता येवन करतला."

मी मेन बंद केला, पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्विच सरळ बसवला.

दहा मिनिटांचं काम होतं.