अकरा सुकेळी

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, डॉक्टरला तर नाहीच नाही. आज पहिल्यांदा तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काही वसईकडे, आमच्या वटार गावात येऊन आमच्या ओटीवर बसणार नाही. आणि आलात तरी कृपा करा, सायलीसमोर विषय नको.

सायली म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. नायगावच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर वाढलेली पोरगी लग्न होऊन आमच्या केळीच्या वाडीत आली. तिसऱ्याच महिन्यात आम्ही सगळे बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलो. आई, आम्ही दोघे भाऊ, दोघी सुना, बहीण, मेहुणा, चार पोरं. माणसं अकरा.

आईने सुकेळी केली होती. ठाऊक आहेत ना? पिकली राजेळी केळी सोलून आठ दिवस उन्हात वाळवायची, रोज संध्याकाळी पानांत झाकायची, आणि दिवसभर कावळे, खारी, मुंग्या यांच्यावर पहारा ठेवायचा. मग कुठे ती मधाच्या रंगाची, चिकट, गोड होतात. आता मोजक्याच घरांत होतात. आईने माणशी एक वाळक्या पानात बांधलं आणि पिशवी दिली नव्या सुनेकडे. हा आमच्याकडे मान असतो — आणि परीक्षाही. ही पास झाली तर पुढच्या उन्हाळ्यात हिला शिकवीन, असं आईने जाहीरच केलं होतं. सायलीने तर त्यासाठी वहीसुद्धा आणून ठेवली होती.

आणि मी? मला त्याच महिन्यात साखर निघाली होती. बायको चहासुद्धा माझ्यासमोर चाखून मगच देत होती.

जेवणं झाली. आईला ओढ्यात पाय बुडवायचे होते, म्हणून सगळी तिकडे निघाली. आईचा हात धरायला हवा, म्हणून सायलीने पिशवी माझ्या उशाशी ठेवली. मी चटईवर घोरत होतो. म्हणजे — घोरल्यासारखं करत होतो.

पहिलं सुकेळं माझ्याच वाट्याचं, त्यात चोरी कसली? दुसरं बायकोचं, नवराबायकोत कसलं तुझं-माझं? तिसरं मुलाचं, त्याला खोकला होता. मेहुण्याला गोड आवडत नाही, असं मी त्याच क्षणी ठरवलं. आईला दात कुठे होते? दहाव्यापर्यंत काही ना काही कारण सापडत गेलं. अकरावं सायलीचं. त्याला मी कारणसुद्धा शोधलं नाही.

समोरच्या फांदीवर एक माकड बसलं होतं. ते सगळं बघत होतं आणि — सांगायला लाज वाटते — त्याच्या तोंडावर नापसंती होती. तेवढ्यात मंडळी परत येताना दिसली. मी रिकामी पानं त्याच्या झाडाखाली फेकली, चप्पल उचलली आणि "हाड! हाड!" करत धावलो. छत्तीस वर्षांचा, बँकेत नोकरी करणारा माणूस, एका पायात चप्पल! पोरांनी टाळ्या वाजवल्या. मेहुणा म्हणाला, दादा होता म्हणून बाकीचं सामान तरी वाचलं.

आई मात्र सायलीकडे बघत होती. "माकडाचं काय चुकलं? मानसाला पिशवी सांभाळता येऊ नये?"

सायली रडवेली झाली. "सॉरी आई, चेन लावायची राहिली माझ्याकडून."

राहिली नव्हती. चांगली पक्की लावली होती. ती मीच उघडली होती, मला नाही ठाऊक तर कोणाला? पण त्या पोरीने स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्या चपलेवर जास्त विश्वास ठेवला. मला बोलायचं होतं हो. पण तोंडात अजून अकराव्याचा तुकडा होता. तो गिळेपर्यंत वेळ निघून गेली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

घरात तिचं नाव 'माकडवाली' पडलं. मीही हसायचो. पुढच्या उन्हाळ्यात ती वही घेऊन आईजवळ गेली, तेव्हा आई म्हणाली, "एका पिशवीवर लक्ष रवत नाय, आठ दिवस केळ्यांवर रवणार?" मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. एकच पान, बराच वेळ.

आई एकटीच करत राहिली. दोन वर्षांपूर्वी ती गेली, आणि आमच्या घरातली सुकेळीही गेली.

सायलीने अजून नाद सोडलेला नाही. मोबाईलवर बघून करते. कधी काळी पडतात, कधी बुरशी धरते. त्यातलं बरं निघालेलं पहिलं सुकेळं ती माझ्यासाठी बशीत घालून आणते. माझी साखर तिला ठाऊक आहे, म्हणून अर्धंच. "दादा, आईंच्या हातची चव तुमच्याइतकी कोणाला आठवणार? सांगा ना, काय कमी पडतंय?"

परवाही आणलं होतं. मी सावकाश चावलं, डोळे मिटले, जाणकारासारखी मान हलवली.

"ऊन कमी पडलं," म्हणालो.

तिने ते वहीत लिहून घेतलं.