टिंबापुढची तीन शून्यं

धाकट्या भावाला मस्कतला नोकरी लागल्याचं मला माहेरच्या, बुवापाड्याच्या नाक्यावरच्या बॅनरवरून कळलं. लग्न झाल्यापासून मी बदलापूर गावात असते, मला कोण सांगतंय! फ्लेक्सवर भाऊ गॉगल लावून हसत होता, मागे विमान, आणि खाली ठळक अक्षरांत 'महिना एक लाख वीस हजार'. आमच्याकडे नळाला पाणी आलं तरी बॅनर लागतो, त्यामुळे त्याचं नवल नव्हतं. डोकं फिरलं ते आकड्याने. वेल्डरला एवढा पगार कोण देतो?

तशीच आईकडे गेले. नेमणुकीचं पत्र हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. पगारापुढे छापलं होतं, ओएमआर १२०.०००.

मी उल्हासनगरात परदेशी नोटा बदलून देणाऱ्या दुकानात काउंटरवर बसते. प्रत्येक चलनाची तीन अक्षरं दिवसभर माझ्या पाठीमागच्या पाटीवर असतात. आयएनआर आपला रुपया, एईडी दुबईचा दिरहम, ओएमआर ओमानचा रियाल. त्या रियालचे शंभर नाही, हजार भाग पडतात, म्हणून तिकडे टिंबापुढे तीन शून्यं लिहितात. पगार होता एकशे वीस रियाल. आपले सत्तावीस हजारांच्या आसपास. एमआयडीसीतल्या कंपनीत भाऊ ओव्हरटाइम धरून तेवढेच कमवत होता, आणि तिथे तो कायम होता. सोमवारी तो राजीनामा देणार होता.

हे सांगितलं तर काका माझ्यावरच उखडले. "ओएमआर म्हणजे कंपनीचं कायतरी असेल. एजंटाने स्वतः बोट ठेवून वाचून दाखवलं, एक लाख वीस हजार. तुला भावाचं चांगलं बघवत नाय का?"

मी तिथूनच एजंटाला फोन लावला.

"मॅडम, लेटर में जो लिखा है वही मिलेगा," तो शांतपणे म्हणाला. "मैंने कभी रुपया बोला क्या?"

हरामखोर! खरंच, रुपया हा शब्द त्याने एकदाही तोंडातून काढला नव्हता. आणि त्या तीन अक्षरांचा अर्थ आमच्या घरातल्या एकानेही विचारला नव्हता. पेढे वाटायची घाई होती ना सगळ्यांना.

मी भावाला हाताला धरून बाहेर नेलं. "राजीनामा देऊ नकोस."

तो चपलेने माती उकरत राहिला. "ताई, मला परवाच कळलं. मोबाईलवर बघितलं मी."

"मग?"

"बॅनर लागलाय ना."

मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारचे दारात आले. त्याला, बॅनर लावणाऱ्या मंडळाच्या पोरांना, काकांना, सगळ्यांना शिव्या घातल्या. काही उपयोग झाला नाही. सोमवारी त्याने राजीनामा दिला आणि पुढे मस्कतला गेला. त्याच्या जागी कंपनीने ठेकेदाराचा माणूस घेतला. आता तिथे कायम कोणालाच करत नाहीत.

बॅनर उतरल्यावर काकांनी तो आईच्या मोरीवर छप्पर म्हणून बांधला. गेल्या रविवारी भांडी घासताना मान वर केली, तर भाऊ हसतोय आणि खाली तो आकडा. माझं पित्त खवळलं. विळी घेऊन दोरी कापायला उठले, तर आईने माझा हात धरला.

"राहू दे गं. तेवढंच तोंड दिसतं त्याचं."